तीन उशांचा थाट

दवनीवाडा
१५ ऑक्टोबर २०२४

केशोराव,

रामराम. नागपूरहून परवा परत आलो. छातीत मशीन बसवून आलो, आणि ही बातमी तुला माझ्या तोंडून कळावी म्हणून लगेच लिहायला बसलो. अर्थात तुझी चंद्रकांता आणि माझी शामकला, दोघी बहिणी दिवसातून दोनदा फोनवर असतात म्हटल्यावर बातमी तुझ्यापर्यंत पोचून शिळीही झाली असेल.

तू म्हणशील, साडूभाऊंना या वयात पत्र लिहायची काय अवदसा आठवली. तर दवाखान्यात सांगितलं आहे की मोबाईल मशीनच्या जवळ न्यायचा नाही, शर्टाच्या खिशात तर नाहीच. मी म्हटलं, ती कटकटच नको. फोन ओमेशच्या हवाली केला. पोराला बापाचा फोन मिळाला आणि मला शांतता मिळाली. तू जन्मभर शाळामास्तर, तुला कागद वाचायची सवय आहे. फक्त लाल शाईने चुका काढून परत पाठवू नकोस.

आता मशीनबद्दल. काडेपेटीहून थोडी मोठी, चपटी डबी आहे. डाव्या खांद्याच्या खाली कातडीच्या आत ठेवली. तिच्यातून तीन तारा निघून हृदयापर्यंत गेल्या. माझं हृदय अशक्त तर होतंच, पण त्याच्या दोन बाजू वेगवेगळ्या वेळी आवळत होत्या. जोडीतल्या एका बैलाने आधी पाय उचलावा आणि दुसऱ्याने मग, तर बंडी चालते, पण हाकणाऱ्याचा जीव जातो, तसं. मशीन दोघांना एकाच वेळी इशारा देतं. डाव्या बाजूची तार सगळ्यात अवघड, ती शिरेतून वळवून हृदयाच्या मागच्या अंगाला न्यावी लागते. डॉक्टर माझ्या त्या तारेपाशी किती तरी वेळ खपत होते. मी जागाच होतो, त्यांना मध्ये मध्ये विचारत होतो, झालं का.

गुण लगेच आला. महिन्यापूर्वी मोरीपर्यंत जाताना भिंत धरणारा मी, काल मारुतीच्या देवळापर्यंत गेलो आणि न थांबता परत आलो. शामकला मागून ओरडत होती, "हळू चाला ना जी, कोणी पाठी लागलं का?" वाटेत तिघाचौघांनी थांबवून मशीन कुठे आहे ते पाहून घेतलं. मीही शर्टाचं बटण काढून दाखवलं.

एकच बंधन आहे. डावा हात दीड महिना खांद्याच्या वर न्यायचा नाही, नाहीतर तार जागेवरून सरकू शकते. म्हणून यंदा दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरेल तेव्हा सासुरवाडीच्या बोडीत, त्या तळ्यात, जाळं मी टाकणार नाही. सासऱ्यांनी घालून दिलेली रीत तुला ठाऊकच आहे, मंडईच्या सकाळी गावच्या बोडीत पहिलं जाळं जावयाने फेकायचं. मोठा जावई म्हणून आजवर मीच फेकत आलो. यंदा हेमेंद्रला सांगितलं आहे, मेहुणा आहेस, घरचाच आहेस, तूच टाकून मोकळा हो.

तुझ्या हृदयाचं पंपिंग तीस टक्केच आहे ना अजून? माझं तर पंचवीस होतं, म्हणून मशीन मिळालं. तूही विचारून पाहा. मिळेल न मिळेल, विचारायला काय जातं.

तुझा
उदाराम


चोरखमारा
२२ ऑक्टोबर २०२४

साडूभाऊ,

नमस्कार. पत्र मिळालं. चुका होत्या, पण काढल्या नाहीत.

तुम्हाला बरं वाटतं आहे याचा आनंद आहे. आनंद आहे असं लिहितो, कारण तसं लिहायला हवं. खरं सांगायचं तर तुमचं पत्र आलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. चंद्रकांता म्हणाली, "काऊन जी, भाऊजीले बरं वाटून राहिलं तं तुमचं तोंड काऊन उतरलं?" तिला काय सांगणार.

तुम्हाला मात्र सांगतो. आपण एकाच मांडवात, एकाच दिवशी लग्न केलं. थोरली तुम्हाला, धाकटी मला. तेव्हापासून मी बघतो आहे. सासुरवाडीत पहिला पाट तुमचा. धोतरजोडी तुमची जरीकाठी, माझी साधी. मंडईला मरळ शिजली की डोकं तुमच्या ताटात आणि शेपटीकडचा तुकडा माझ्या. मी पगारी माणूस, गावात लोक मला गुरुजी म्हणतात, पण सासरे पाहुण्यांना ओळख करून देताना 'हे आमचे मोठे जावई' म्हणून थांबायचे. मी शेजारीच उभा असायचो.

हृदयाचा आजार तरी आपल्याला बरोबरीने झाला, असं मी मनाशी धरून होतो. दोघांनाही दम, दोघांच्याही पायांना सूज, दोघांनाही मीठ बंद. त्यातही तुम्ही मशीन घेऊन पुढे गेलात.

तुम्ही लिहिलंत म्हणून नव्हे, माझी तारीख होतीच म्हणून परवा गोंदियाला डॉक्टरांकडे गेलो. म्हटलं, आमच्या साडूभाऊंना बसवलं ते मशीन मलाही बसवा. डॉक्टर हसले. म्हणाले, "काकाजी, ही काय दुकानातली चीज आहे का? तुमचा ईसीजी पाहिला मी. हृदय कमजोर आहे, लेकिन दोन्ही बाजू बराबर एका वेळी चालून राहिल्या. मशीनचं काम दोघांना जुळवायचं. तुमच्या जुळलेल्याच आहेत, तर मी जुळवू काय? तुमचा इलाज म्हणजे गोळ्या, रोजचं चालणं आणि मीठ बंद."

मी विचारलं, म्हणजे माझा आजार हलका का? तर म्हणे, हलका नाही, वेगळा आहे. माझा यावर विश्वास बसलेला नाही. ओमेशची नागपुरात कुणाशी तरी ओळख असणार. माझा हिमांशु पुण्यात कंपनीत बसतो, त्याला बापाचं पंपिंग किती आहे ते विचारलं तर विहिरीवरच्या मोटारीचं सांगेल.

जाळ्याबद्दल. ते हेमेंद्रने कायले टाकावं? रीत जावयाची आहे, मेहुण्याची नाही. दुसरा जावई अजून जिवंत आहे, हे तुम्ही विसरलात. यंदा जाळं मी टाकणार. माझे दोन्ही हात वर जातात.

आपला
केशोराव


दवनीवाडा
१४ नोव्हेंबर २०२४

केशोराव,

रामराम. मंडई पार पडली. तुझं जाळं चांगलं पडलं. हे लिहिलं नाही तर तू म्हणशील, साडूभाऊ कद्रू आहेत. गोल पडलं, पुरतं उघडून पडलं. बोडीच्या पाळीवर, त्या बांधावर जमलेल्या लोकांनी वाहवा केली. हेमेंद्र तर सगळ्यांसमोर म्हणाला, "केशोभाऊजी, एवढी ताकद होती तं आजवर कुठी लपवून ठेवली होती?" मी त्या वेळी खुर्चीत बसलो होतो, शाल पांघरून, एखाद्या म्हातारीसारखा. माझी खुर्चीही कुणी तरी उचलून बाजूला केली, तुझा फोटो घ्यायला आड येत होती म्हणून.

आणि दुपारी मरळीचं डोकं तुझ्या ताटात. तू ते सावकाश खाल्लंस, माझ्याकडे न पाहता. माझ्याकडे पाहायचं नाही असं ठरवून खाल्लंस, ते मी पाहिलं.

असो. एका वर्षाने काही बिघडत नाही. माझी तब्येत झकास आहे. मशीन आत इतक्या जोमात काम करतं की काय सांगू, मध्ये मध्ये पोटावर आतून टिचक्या बसतात. बरगडीच्या खाली टक टक टक, उचकी लागावी तसं. शर्टावरूनही हललेलं दिसतं. आधी एवढं जाणवत नव्हतं, आता मशीनने चांगली पकड घेतली असं मी समजतो. तुझ्या गोळ्या अशा पोटात जाऊन टिचक्या मारतात का?

अंगही धरलं आहे. मंडईपासून चार किलो वाढलो. शामकलाचा स्वयंपाक तोच आहे, पण आता अंगी लागतो. तिने माझा थाटही वाढवला आहे. ओसरीत खाट टाकली आणि पाठीशी एकावर एक तीन उशा लावल्या. मी तिथे टेकून बसतो आणि राजासारखा येणाराजाणारा पाहतो. झोपतोही तसाच. धान कापून झालं, खळ्यावर चुरणं चाललं आहे, ओमेश सगळं पाहतो. मला काडी उचलू देत नाही.

ओमेशच्या फोनवर तू फोन केलास असं कळलं. करू नकोस. मशीनला चालत नाही हे मी तुला लिहिलं होतं. जे काय असेल ते कागदावर लिही.

तुझा
उदाराम


चोरखमारा
२२ नोव्हेंबर २०२४

साडूभाऊ,

नमस्कार. डोकं मी तुमच्याकडे न पाहता खाल्लं, कारण पाहिलं असतं तर घास उतरला नसता. इतकी वर्षं त्या डोक्याची चव कशी असते याचा विचार केला होता. काही विशेष नसते. पण ताटात होतं, एवढं पुरे.

त्यानंतर दहा-बारा दिवस मी खुशीत होतो. मग तुमचं पत्र आलं.

तीन उशा. चंद्रकांताला वाचून दाखवलं. म्हटलं, बघ, तुझी बहीण नवऱ्याची कशी बडदास्त ठेवते. मला एक उशी आहे, तीही चपटी. चंद्रकांता म्हणाली, "तुमाले कायले पाहिजेत तीन उशा? डोस्के तं एकच हाय." तिच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

आणि चार किलो. इकडे माझं वजन उतरतं आहे. रोज सकाळी काट्यावर उभं राहायची डॉक्टरांची ताकीद आहे, आणि काटा खालीच येतो. शर्ट खांद्यावरून घरंगळतो. बाजारात लोक विचारतात, "गुरुजी, बरं नाही का?" तुम्हाला अंग धरलेलं आणि मला चिपाड झालेलं पाहून लोक काय म्हणत असतील, याचा विचार करतो आणि पोटात आग पडते. टिचक्या नाहीत, आग.

पण मीही गप्प बसलेलो नाही. मशीन नाही तर नाही. रोज सकाळी कालव्याच्या काठाने तलावाच्या पाळीपर्यंत जातो. आधी अर्ध्यात बसावं लागायचं. आता पाळ चढून वर जातो, तलावाला एकदा नजर घालतो आणि उतरतो. चढताना प्रत्येक पावलाला तुमचं नाव घेतो, आणि ते प्रेमाने घेत नाही. लोणचं सोडलं, पापड सोडला, सुकट तर घरातूनच हद्दपार केली. गोळ्या एक चुकवत नाही. तुमच्या मशीनला माझ्या पायांनी मागे टाकतो की नाही बघा.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा गोंदियाची तारीख आहे. या वेळी डॉक्टरांना सगळं तपशीलवार सांगणार आहे, तुमच्या टिचक्या, तुमचं वजन, सगळं. म्हणणार, हे असं गुण देणारं मशीन मला नाकारता म्हणजे काय.

आपला
केशोराव


दवनीवाडा
३० नोव्हेंबर २०२४

केशोराव,

रामराम. तुझं पत्र मिळालं. पाळ चढतोस, छान. मी काल सायकल काढली. गावाला एक चक्कर मारून आलो. लोक बघतच राहिले.

ओमेशने नव्या चपला आणल्या. जुन्या घट्ट होत होत्या, या एका नंबरने मोठ्या आहेत. मऊ आहेत, पायाला आराम वाटतो. चामड्याच्या आहेत.

अक्षर वाकडं आलं आहे, थंडीने बोटं आखडतात. जास्त लिहीत नाही. डॉक्टरांना माझ्या गोष्टी कशाला सांगतोस? तुझं तू सांग.

मशीन उत्तम चाललं आहे.

उदाराम


चोरखमारा
७ डिसेंबर २०२४

साडूभाऊ,

हे पत्र टपालाने पाठवत नाही. हेमेंद्र मोटरसायकलने घेऊन येतो आहे, आणि तो तुमच्यासमोर बसून तुम्ही वाचेपर्यंत हलणार नाही.

काल डॉक्टरांकडे गेलो. ठरवल्याप्रमाणे तुमचं वैभव एकेक करून सांगायला लागलो. म्हटलं, त्यांच्या पोटात मशीन टिचक्या मारतं, इतकं जोरदार आहे. डॉक्टर लिहीत होते, ते थांबले. म्हणाले, "कधीपासून?" मी म्हटलं, मंडईपासून. मग त्यांनीच विचारायला सुरुवात केली, आणि मी तुमची पत्रं आठवून उत्तरं देत गेलो.

"वजन वाढलं का?" चार किलो, म्हटलं, अंग धरलं आहे. "काकाजी, ते मांस नाही, पाणी आहे." "झोपतात कसे?" तीन उशांवर, राजासारखे. "सपाट झोपलं तर जीव घुसमटतो, म्हणून तीन उशा." मी चपलांचं सांगितलं. ते म्हणाले, पाय सुजले आहेत.

आणि टिचक्या म्हणजे मशीनची ताकद नव्हे. डाव्या बाजूची ती अवघड तार जागेवरून सरकली असेल, तर तिचा झटका हृदयाला न लागता श्वासाच्या पडद्याच्या नसेला लागतो, म्हणून पोट उडतं. म्हणजे बैल पुन्हा वेगवेगळे चालायला लागले आहेत. डॉक्टर म्हणाले, "कौन है ये? त्यांना आजच्या आज नागपूरला न्या. रुकू नका."

आता पुढचं लिहिणं जड जातं, पण लिहितो, कारण तुम्ही माझं दुसरं काही मानणार नाही, हे मानाल. दवाखान्यातून निघालो आणि तिरोड्याच्या बसमध्ये बसलो. खिडकीशी जागा मिळाली. आणि मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. तुमची तार सरकली, माझे पाय पाळ चढतात. घरी गेलो, जेवलो, चंद्रकांताशीही गोड बोललो. तिला काही सांगितलं नाही. त्या संध्याकाळी फोन करायला हवा होता, तो मी केला नाही.

सकाळी पाळ चढायला गेलो. रोजच्यासारखं पावलापावलाला तुमचं नाव घ्यायला लागलो आणि पाय उचलेना. दम लागला नव्हता. मी या माणसाच्या पुढे जायला रोज इथे येतो, आणि हा माणूस खाटेवर बसून मरतो आहे, आणि मला काल बरं वाटलं. तिथेच दगडावर बसलो. साडूभाऊ, मला तुमच्या पुढे जायचं होतं, तुम्ही मागे नसताना नव्हे. तुम्ही गेलात तर मी पाळ कोणासाठी चढू? गोळ्या कोणावर जळून घेऊ? मी सांगतो तुम्हाला, तुमच्या मागे मीही महिनाभर टिकणार नाही.

घरी आलो तो ओमेशला फोन केला. तो म्हणाला, "मावसाजी, आमी सांगून सांगून थकलो. बाबा आयकूनच नाही राहिले. म्हणतात मशीन चांगली चालून राहिली." शामकलाताई फोनवर रडत होत्या. तुम्ही नागपूरचं नाव काढू देत नाही, आणि चंद्रकांतालाही काही सांगायचं नाही अशी शपथ घातली होती, असं म्हणाल्या. सायकलचं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "सायकल कायची जी, खाटेवरून उठवाले दोघं लागतात."

मी स्वतः येणार होतो. पण मला पाहिलं की तुम्ही उशा फेकून ताठ बसाल, छाती काढाल, आणि त्यातच जीव सोडाल. म्हणून हेमेंद्रला पाठवलं.

काही तरी झालं आहे आणि तुम्ही ते लपवता आहात. काय झालं ते डॉक्टरांना सांगा, मला नका सांगू. मी विचारणार नाही. कोणाला बोलणार नाही. पण आज निघा.

आणि मोबाईलचंही मी विचारलं. उजव्या कानाला लावला तर मशीनला काही होत नाही. तुम्हालाही नागपुरात तेच सांगितलं असणार. तुम्ही फोन का घेत नव्हता, हे मला आता कळलं. कागदावर माणूस सायकल चालवू शकतो, फोनवर नाही.

फोन करा. उजव्या कानाला लावा. बोलता आलं नाही तरी करा. मी घेतो आणि ऐकत थांबतो.

केशोराव


नागपूर
१९ डिसेंबर २०२४

केशोराव,

रामराम. हे पत्र ओमेशच्या हातचं आहे, मी सांगतो आणि तो लिहितो. शुद्धलेखन त्याचं आहे, चुका सापडल्या तर त्याला बोल.

तार सरकलीच होती. आधी सुया देऊन अंगातलं पाणी काढलं. जे मी मटण समजत होतो ते सगळं बाहेर गेलं. पायांच्या नळ्या दिसायला लागल्या. मग परवा जुनी जखम पुन्हा उघडली आणि तार नव्याने बसवली. या वेळी मी डॉक्टरांना झालं का असं विचारलं नाही. काल मशीन तपासणाऱ्याने माझा ईसीजी माझ्यासमोर धरला आणि म्हणाला, बघा काका, दोघं एकत्र चालले. मला त्यात रेघोट्या दिसल्या, पण रात्री एका उशीवर झोपलो. टिचक्या थांबल्या.

काय झालं ते विचारणार नाही असं तू लिहिलंस. तू न विचारता गप्प राहावंस, हे माझ्याच्याने सहन होणार नाही. ऐक.

मंडईच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही सगळे आपापल्या गावी गेलात. मी आणि शामकला मागे राहिलो. सकाळी ती देवळात गेली. तुझं जाळं पडवीत वाळत टाकलं होतं. मी ते उचललं आणि बोडीवर गेलो. कोणी नव्हतं. मला फक्त एकदा पाहायचं होतं. आदल्या दिवशी लोकांनी तुझी वाहवा केली ती माझ्या कानातून जात नव्हती. मी डाव्या खांद्यावर जाळं घेतलं, दोन्ही हात डोक्यावर नेले आणि फेकलं. ते उघडलंच नाही. गाठोडं पडावं तसं पडलं. आणि छातीत काही तरी खसकन ओढल्यासारखं झालं. जाळं ओढून घेतलं, पिळलं, होतं तसं पुन्हा वाळत घातलं. शामकला आली तेव्हा मी खुर्चीत बसलेलो होतो.

हे मी कोणाला सांगू? डॉक्टरला सांगायचं, म्हणजे ओमेशला कळणार, शामकलाला कळणार, म्हणजे चंद्रकांताला आणि तुला. उदारामने साडूच्या जाळ्यावर जळून आपली तार तोडली, हे तू वाचावंस, त्यापेक्षा तीन उशांवर बसणं मला बरं वाटलं. आधी मोबाईलचं खरंच वाटत होतं. मग ते सोयीचं झालं. तू पाळ चढतोस हे वाचलं त्या दिवशी मी सायकलचं लिहिलं. सायकल ओसरीत माझ्या खाटेला टेकवून ठेवली होती, तिच्याकडे बघत लिहिलं.

हेमेंद्र पत्र घेऊन आला. मी वाचलं, घडी केली आणि उशीखाली ठेवलं. त्याला म्हटलं, जा, सांग केशोरावला, मी ठणठणीत आहे. तो गेला नाही. दुपार झाली. मग मी शामकलाकडे फोन मागितला.

तू उचललास. हॅलो म्हणालास आणि थांबलास. मी बोलायचा प्रयत्न केला, एक शब्द निघेना, नुसता घरघर आवाज. मला लाज वाटली. मी ठेवणार होतो. तू काही बोलला नाहीस. 'काय होतंय' नाही, 'मी सांगितलं होतं ना' नाही. तुझ्याकडे मागे चंद्रकांता काही तरी विचारत होती, तिलाही तू गप्प केलंस. किती वेळ तसं चाललं मला ठाऊक नाही. मग तू म्हणालास, "गाडी बोलावून ठेवली हाय जी. तुमच्या दारातच उभी हाय. बसा आता." तेवढं ऐकलं आणि मी ओमेशला हात दिला.

हे झालं. आता माझी तक्रार ऐक. इथले डॉक्टर राउंडला येतात तेव्हा रोज विचारतात, टिचक्या ओळखणारे ते तुमचे गुरुजी साडू कसे आहेत? काल शिकाऊ डॉक्टरांना घेऊन आले आणि त्यांनाही तुझी गोष्ट सांगितली. माझी तार कशी बसवली ते नाही, तुझी गोष्ट. शामकला बाजूला उभी राहून माना डोलावत होती. वर तिने सांगून टाकलं की तुझं पंपिंग नुसत्या गोळ्यांवर आणि चालण्यावर चाळीस झालं. चाळीस. तू मला का लिहिलं नाहीस? माझ्या जिवावर चढलास आणि मलाच सांगितलं नाहीस. त्या दिवसापासून मला इथला भात गोड लागत नाही.

डावा हात आता तीन महिने वर न्यायचा नाही, असं या वेळी शामकलाला लिहून दिलं आहे, मला नाही. पुढच्या मंडईला मुदत संपलेली असेल, तरी जाळं तूच टाक. डोकंही तूच खा. मी खुर्ची घेऊन पाळीवर अगदी पुढे बसणार आहे, तुझ्या फोटोच्या आड येईल अशा जागी, आणि जळणार आहे. या वेळी डोकं खाताना माझ्याकडे बघ.

तुझा
उदाराम